पाव फेरा

फ्रेंच हॉर्न या वाद्याच्या पाठीला तीन लहान पितळी टोप्या असतात. त्यातली एक आट्यांवरून फिरवून काढली की आत रुपयाएवढी चकती दिसते आणि चकतीच्या मधोमध एका आसाचं टोक. चकतीवर दोन बारीक खुणा कोरलेल्या असतात, आसावर एक. बोटानं दाबायची पट्टी मोकळी असली की आसावरची रेघ पहिल्या खुणेसमोर उभी असते. पट्टी दाबली की आस पाव फेरा घेतो आणि तीच रेघ दुसऱ्या खुणेसमोर जाऊन थांबते. सोडली की परत जागेवर. मी बारा वर्षांचा असताना लोडशेडिंगच्या एका संध्याकाळी मास्तरांनी कंदील जवळ ओढून मला हे दाखवलं. "रेघ रेघेला भेटते का पाय, बाबू," ते म्हणाले. "भेटली तं सूर सरळ. केसभर सरकली तं हवा कोपऱ्यावर आपटते."

मास्तर आमच्या नात्यातले नव्हते. हयात लष्करी बँडमध्ये काढून ते गोंदियाला परतले होते आणि आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत राहत होते. पचमढीला लष्कराची संगीताची शाळा आहे, तिथे ते तरुणपणी शिकलेले. निवृत्तीनंतर नागपुरात कुणाकडून तरी त्यांनी एक जुनं हॉर्न विकत घेतलं होतं. गावातल्या बँड पार्टीची पोरं त्यांच्याकडे ट्रम्पेट आणि युफोनियम शिकायला यायची. हॉर्न शिकणारा मी एकटाच. वरातीत हॉर्नला काम नसतं. त्याचं तोंड मागे वळलेलं, आवाज पुढच्या गर्दीवर जात नाही. तो मागच्या भिंतीला लागून मऊ होऊन परत येतो. रस्त्यावर तो आवाज कुणालाच ऐकू येणार नाही. पण मास्तरांच्या त्या कौलारू खोलीत तो असा भरून राहायचा की दाराशी बसलेली माणसं बोलणं थांबवत.

हॉर्नची मुख्य नळी सरळ केली तर बारा फुटांच्या आसपास भरते. एवढ्या लांब नळीत ओठांची थरथर सोडली की ठरावीक सूर आपोआप निघतात, पण त्यांच्या मधले सूर निघत नाहीत. त्यासाठी नळीची लांबी बदलावी लागते. वॉल्व्ह येण्याआधी वादक वेगवेगळ्या लांबीची वेटोळी बरोबर घेऊन फिरत आणि सूर बदलायचा तर वेटोळं बदलत, नाहीतर वाद्याच्या तोंडात हात घालून सूर खाली ओढत. १८१८ साली श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोन जर्मन वादकांनी प्रशियात वॉल्व्हचं पेटंट घेतलं. १८३५ साली व्हिएन्नाच्या योझेफ रीडलनं फिरत्या वॉल्व्हचं घेतलं, आणि १८३९ साली पॅरिसच्या पेरिनेनं त्या पिस्टनचं, जो आज आपल्याकडच्या प्रत्येक बँडच्या ट्रम्पेटमध्ये वर-खाली होताना दिसतो. दोघांचं काम एकच. वाऱ्याला आडवाटेनं न्यायचं, जास्तीच्या नळीतून फिरवायचं आणि परत मूळ वाटेला लावायचं. मधली पट्टी सूर अर्ध्यानं उतरवते, पहिली एकानं, तिसरी दीडानं.

फरक आहे तो झिजण्यात. पिस्टन आपल्या घराच्या भिंतीला घासतच वर-खाली होतो. तेलाचा पापुद्रा सोडला तर दोघांच्या मध्ये काही नसतं. फिरत्या वॉल्व्हच्या रोटरचं तसं नाही. रोटर म्हणजे दोन खाचा पाडलेला एक लहान लोळा. त्याच्या दोन टोकांना दोन आस, आणि ते आस पुढच्या-मागच्या बेअरिंगमध्ये बसलेले. मधला लोळा आपल्या घराच्या भिंतीला टेकत नाही, टेकायचाच नसतो. दोघांमध्ये जी फट असते ती केसाच्या जाडीहूनही कमी, आणि ती फट तेल धरून ठेवतं. हवा त्या तेलाला ओलांडू शकत नाही आणि धातू धातूला शिवत नाही. सगळा भार पेलतात ती दोन टोकांची बेअरिंगं. म्हणून रोटरची झीज भिंतीपासून सुरू होत नाही. आधी तेल आटतं, मग बेअरिंग झिजतं, मग रोटर ढिला होऊन कलतो आणि मग तो भिंतीला घासायला लागतो. भिंत घासली गेली की ती परत भरता येत नाही.

हे मला मास्तरांनी सांगितलं होतं, पण तेव्हा मी ते नुसतं ऐकलं. कळलं ते मास्तर गेल्यानंतर.

त्यांच्या मागे हॉर्न माझ्याकडे आलं. मी तेव्हा नोकरीच्या खटपटीत होतो. दीड-दोन वर्षं ते पेटीतच राहिलं. एका हिवाळ्यात पेटी उघडली तर मधली पट्टी हलेना. मी ते विदर्भ एक्स्प्रेसनं एका मोठ्या शहरात नेलं. तिथल्या एका दुकानातल्या मिस्त्रीनं दोन दिवसांत परत दिलं. पट्टी लोण्यासारखी फिरत होती. मी खुशीत घरी आलो आणि फुंकून पाहिलं. मधली पट्टी दाबली की सूर फाटल्यासारखा, पोकळ, धाप लागल्यासारखा. मास्तर एक परीक्षा करत असत. पट्टी न दाबता त्या वॉल्व्हची सरकती नळी, म्हणजे स्लाइड, थोडी बाहेर ओढायची आणि मग पट्टी दाबायची. वॉल्व्ह शाबूत असेल तर हवा एकदम आत शिरून 'ठप्प' असा आवाज येतो. पहिल्या वॉल्व्हचा आला. तिसऱ्याचा आला. मधल्याचा आला नाही.

बाबा राईस मिलमध्ये फिटर होते. हॉर्नच्या बाबतीत त्यांनी कधी तोंड घातलं नव्हतं, पण त्या संध्याकाळी त्यांनी ते हातात घेतलं. लाकडी मोगरीनं आसाच्या टोकावर हलके टोले देऊन मागची चकती सैल केली आणि रोटर बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरला. त्याच्या गोलाईवर बारीक, एकसारख्या, आडव्या रेघा होत्या. करड्या रंगाच्या. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला. "ग्राइंडिंग पेस्ट लावली यानं," ते म्हणाले. "इंजिनाचा वॉल्व्ह समजला." इंजिनाचा वॉल्व्ह आपल्या बैठकीवर घट्ट टेकावा लागतो, म्हणून मेकॅनिक त्याला कार्बोरंडमची पेस्ट लावून बैठकीवर घासून घासून बसवतात. तिथे ते बरोबर आहे. मिस्त्रीच्या हाताला तीच सवय होती. अडकलेला रोटर त्यानं पेस्ट लावून त्याच्या घरात फिरवला आणि जी फट मास्तरांनी पंधरा-वीस वर्षं सांभाळली ती एका दुपारी दुप्पट झाली.

मग बाबा रोटरकडे बघत म्हणाले, "हे तं आमचं एअरलॉकच होय." मिलमध्ये सायक्लोनच्या तळाशी एक फिरता वॉल्व्ह असतो. पात्यांचा रोटर लोखंडी घरात फिरतो, वरून येणारं तूस खाली सोडतो आणि हवा मात्र वर जाऊ देत नाही. तिथेही पाती भिंतीला टेकत नाहीत. तिथेही बेअरिंग दोन्ही बाजूंना बाहेर. बेअरिंग ढिलं झालं की पाती एका बाजूला घासतात, फट वाढते, हवा गळते आणि सायक्लोनची ओढ जाते. "बेअरिंगकडं पाहात राह्यलं तं रोटर दहा वर्षं जाते," बाबा म्हणाले. "रोटरकडं पाहात राह्यलं तं एका हंगामात खल्लास." मास्तर आणि बाबा एकमेकांशी फारसे बोलत नसत. एकाला बँड कळत होता, दुसऱ्याला मिल. पण दोघांनी मला तीच गोष्ट सांगितली.

गोंदियाला तांदळाचं गाव म्हणतात. दिवाळीनंतर मळणी सुरू झाली की रस्त्याच्या कडेला, मिलच्या भिंतींवर, झाडांच्या पानांवर, सायकलच्या सीटवर तुसाची एक पिवळट भुकटी बसते. लहानपणी ती अंगाला खाजायची, एवढंच मला ठाऊक. बाबांनी त्या भुकटीचा खरा स्वभाव सांगितला. धानाचं तूस जाळलं तर वजनाच्या सुमारे वीस टक्के राख उरते आणि त्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. सिलिका म्हणजे वाळूचंच द्रव्य. धानाचं रोप ते जमिनीतून ओढतं आणि दाण्याच्या कवचात साठवतं. म्हणून मिलमधले रबर रोल हंगामभरात पुन:पुन्हा बदलावे लागतात. धान सोलता सोलता तूस रबरालाच सोलून काढतं. पितळ सिलिकेपुढे फारच मऊ. आता बघा, बँडचा हंगाम कोणता? तुळशीचं लग्न झाल्यावरचा. गावोगावी मंडई भरतात तोही काळ हाच. म्हणजे वाद्यं रस्त्यावर येतात नेमकी तेव्हा, जेव्हा गोंदियाच्या हवेत सर्वांत जास्त तूस असतं. वादक श्वास घेतो तो त्याच हवेतून, आणि सोडतो तो वाद्यात.

आम्ही पूर्वी भंडारा जिल्ह्यातच होतो. गोंदिया वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं. माझ्या आईच्या माहेरच्या घागरी, गंज, परात, सगळं भंडाऱ्याचं. हॉर्नही पितळच, म्हणून आईला ते भांड्यांपैकीच एक वाटायचं. एका दिवाळीला मी शाळेत असताना तिनं मायेनं त्याच्या चारही स्लाइडी काढून चिंच-मिठानं घासून, लखलखीत करून ठेवल्या. मास्तरांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत. कोमट पाण्यात साबण कालवून त्यांनी प्रत्येक नळी तासभर धुतली, सुती चिंधी दोरीला बांधून आतून ओढली, पुन्हा धुतली. मग मला एका जुन्या ट्रम्पेटची नळी दाखवली. आत गुलाबी-लाल ठिपके होते. आंबट पितळातलं जस्त खाऊन टाकतं आणि नुसतं तांबं मागे राहतं. ते तांबं सच्छिद्र, ठिसूळ. भांडं कळकलं तर कल्हई करता येते. नळी आतून कळकली तर तिचे कण सुटून वाऱ्याबरोबर वॉल्व्हपर्यंत जातात. "बाहेरून चमकवा, आईले सांग," ते म्हणाले, "पन आंबट आत नोको."

आणि खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला आमच्याकडचा खर्रा तोंडात ठेवून अर्धा बँड वाजवतो. मी कुणाला नावं ठेवत नाही. मे महिन्याच्या उन्हात चार तास उभं राहून फुंकायचं तर माणूस काहीतरी तोंडात ठेवणारच. पण सुपारीचा कण आणि चुना लाळेबरोबर वाद्यात उतरतो, वाळतो, दगडासारखा बसतो. मास्तरांचा नियम होता की वाजवण्याआधी चूळ. जेवणावळीतून उठून थेट वाद्य उचललं तर ते ओरडायचे. बुंदीचा पाकही वॉल्व्हमध्ये वाळतो.

तेलाबद्दल आमच्या बँडवाल्यांमध्ये जितकी तोंडं तितकी मतं. कुणी खोबरेल घालतं. आता खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं, आणि गोंदियाचं थंडीतलं किमान तापमान विदर्भात अनेकदा सर्वांत कमी असतं. पौषातल्या पहाटे पारा आठ-नऊवर आला की वॉल्व्हमधलं खोबरेल मेणासारखं घट्ट होतं आणि मुलं ट्रम्पेट शेकोटीवर धरतात. शेकोटीचा धूर, राख, सगळं आत. याहून वाईट जवसाचं. आमच्या भागात उभ्या धानात जवस नि लाखोळी फेकून पेरतात, घरोघरी जवसाचं तेल असतं. ते हवेत वाळून पापुद्रा धरतं. रंगकाम करणाऱ्याला हा गुण हवा असतो, वॉल्व्हला तो मारक. महिनाभरानं रोटर वार्निशनं चिकटवल्यासारखा होतो. रेशनवर मिळायचं ते निळं रॉकेल त्यातल्या त्यात बरं, ते पातळ असतं, वाळून चिकट होत नाही. परदेशी वॉल्व्ह ऑइलंही पूर्वी त्याच जातीच्या पातळ खनिज तेलाची असत. पण रॉकेलला वास येतो आणि ते फार लवकर उडून जातं.

मास्तरांकडे तीन बाटल्या असत, इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या. एकीत पातळ तेल, एकीत शिलाई मशीनचं, एकीत त्याहून जाड. पातळ तेल रोटरच्या अंगासाठी. ते स्लाइड काढून नळीतून सोडायचं, पण नळीच्या तोंडाशी लागलेलं ग्रीस धुऊन आत जाता कामा नये, म्हणून लांब सुईच्या पिचकारीनं ग्रीसच्या पलीकडे थेंब सोडायचा आणि वाद्य हळूहळू चारी अंगांनी कलतं करायचं. शिलाई मशीनचं तेल बेअरिंगला. मागची टोपी काढून आसाच्या टोकावर एक थेंब, आणि पुढच्या बाजूला, जिथे आस चकतीतून बाहेर येतो, त्या सांध्यात एक थेंब. थेंब टाकला की पट्टी दहा-वीसदा हलवायची, म्हणजे तेल आत ओढलं जातं. सर्वांत जाड तेल पट्टीच्या सांध्यांना. बहुतेक जण पहिलं काम करतात आणि दुसरं विसरतात, कारण पट्टी लगेच हलकी होते ती पहिल्यानं. बेअरिंगच्या थेंबाचा परिणाम कानाला-बोटाला कळत नाही. तो वर्षांनी कळतो.

मास्तरांच्या हॉर्नच्या पट्ट्या दोरीच्या होत्या. पट्टी आणि आस यांना जोडणारी एक बारीक दोरी आसाभोवती आठाच्या आकड्यासारखी गुंडाळून स्क्रूनं आवळतात. लोखंडी सांध्यांपेक्षा दोरी शांत चालते आणि आसावर एकाच बाजूनं ताण कमी येतो, असं ते म्हणत. बाजारात ती दोरी मिळायची नाही. आमचा तलावांचा जिल्हा, नवेगाव बांधपासून गावोगावच्या मालगुजारी तलावांपर्यंत. मास्तर ढिवरांच्या वस्तीतून जाळं विणायची वळलेली दोरी आणायचे. एकतारी नायलॉन त्यांनी एकदा लावून पाहिलं होतं. ते ताणतं आणि स्क्रूखालून निसटतं. विणलेली दोरी ताणत नाही. तिला मेण चोळायचं. ती दोरी लावताना त्यांचा अंगठा कापायचा, पण आसावरची रेघ खुणेवर येईपर्यंत ते गाठ पक्की करत नसत. मला अजूनही आठची गाठ घालताना जीभ दातांखाली येते. त्यांचीही यायची.

रोटर थांबतो तो दोन रबरी गट्ट्यांवर आपटून. पूर्वी बुचाच्या असत. गट्टी दबली की रोटर जरा जास्त फिरतो, त्याची खाच नळीच्या तोंडाशी नीट जुळत नाही, आणि मग टोपीखालच्या रेघा चुकतात. बाबांनी एकदा मिलमधल्या झिजलेल्या रबर रोलचा तुकडा कापून दिला होता. पट्टी सोडली की टक, टक असा कडक आवाज येई. ते रबर या कामाला फार टणक. प्रत्येक टकीबरोबर आसाला धक्का बसतो, म्हणजे परत बेअरिंगच झिजणार. शेवटी जमलं ते इंजेक्शनच्या कुपीचं करडं बूच. धारदार पात्यानं कापून, पाण्यात भिजवून खाचेत दाबलं. आजही तेच आहे.

माझं एक मत आहे, आणि मी ते बँडवाल्यांशी भांडूनही सांगतो. वाद्य वाजवण्यानं जेवढं झिजतं त्याहून फार जास्त न वाजवता ठेवण्यानं. रोज वाजणाऱ्या वॉल्व्हमध्ये तेल फिरत राहतं, मळ सुटून बाहेर येतो, वादकाच्या बोटाला बारीकसा बदलही कळतो आणि तो काहीतरी करतो. आमच्याकडचा बँड हंगामी. आषाढात शेवटचा मुहूर्त झाला की वाद्यं माळ्यावर. गणपती-दुर्गेच्या मिरवणुकांपुरती काही खाली येतात, तीही आता कमी, कारण धुमाल आणि डीजेनं ती जागा घेतली आहे. बाकीची तुळशीच्या लग्नापर्यंत तशीच. वर हजार मिलिमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस, घराघरांत दमट हवा, आत उन्हाळ्यातली लाळ वाळून बसलेली, तेल उडून गेलेलं. चार महिने हिरवा कळंक हळूहळू वाढत राहतो. मग कार्तिकात पहिली सुपारी येते, वाद्य खाली काढतात, पट्टी हलत नाही आणि कुणीतरी अंगठ्याचा जोर लावून ती हलवतो. करकर असा आवाज होतो. त्या एका करकरीत जेवढी भिंत खरवडली जाते तेवढी अख्ख्या हंगामात वाजवून जात नाही. माझ्याही हॉर्नचं तेच झालं होतं. मिस्त्रीची पेस्ट ही त्यानंतरची गोष्ट. दीड-दोन वर्षं पेटीत ठेवलं ते मी.

म्हणून मेरठच्या कारखान्यांना दोष देऊन भागत नाही. आपल्याकडच्या बँडची वाद्यं बहुतेक तिथून येतात. तिथली नादिर अली कंपनी १८८५ सालची, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जुनी. मेरठी ट्रम्पेट चार हंगामांत फुसकं होतं, अशी तक्रार मी प्रत्येक बँडमध्ये ऐकली आहे. पण मास्तरांच्या हाताखाली शिकलेल्या एका दादांचं मेरठी युफोनियम माझ्या डोळ्यांदेखत बावीस वर्षं चाललं. ते आषाढात वाद्य माळ्यावर टाकत नसत. शेवटच्या वरातीनंतर दुसऱ्या दिवशी ते धूत, पुसत, तेल घालत आणि देव्हाऱ्याशेजारी खुंटीला अडकवत. आणि पावसाळ्यात रोज सकाळी, दुकान उघडण्याआधी, दहा मिनिटं फुंकत. शेजारी कुरकुरत नसत. त्या गल्लीत ती सकाळची वेळ कळण्याची खूण होती.

माझ्या हॉर्नचा मधला वॉल्व्ह पूर्ववत होणं अवघड आहे. रोटरवर धातूचा मुलामा चढवून तो पुन्हा मापात आणणारे कारागीर जगात आहेत. तेवढा खर्च माझ्या आवाक्यात नाही. तात्पुरता उपाय म्हणून मी त्या एका वॉल्व्हला जरा जाड तेल घालतो. फट मोठी असेल तर जाड तेल ती बऱ्यापैकी भरून काढतं. पट्टी किंचित सुस्त होते, पण सूर फाटत नाही. दर आठवड्याला मागची टोपी उघडतो, आसाचं टोक दोन बोटांत धरून पुढे-मागे, मग आडवं हलवून पाहतो. पुढे-मागे हललं तर चकती सैल आहे, ती लाकडी मोगरीनं चारी बाजूंनी सारखी ठोकून बसवायची. आडवं हललं तर बेअरिंगच झिजलंय. माझं अजून आडवं हलत नाही.

बाबा आता मिलमध्ये जात नाहीत. संध्याकाळी मी वाजवतो तेव्हा ते ओसरीवर बसतात आणि सुरापेक्षा पट्ट्यांकडेच कान देतात. परवा म्हणाले, तिसऱ्याचं बूच बदल, टक ऐकू येते. मी रेघ पाहिली. अर्ध्या केसानं सरकली होती.

मुंबईच्या सिम्फनीत हॉर्न वाजवणाऱ्यांना हे सगळं ठाऊकच असतं, त्यांना सांगायला मी हे लिहीत नाही. झाडीपट्टीतल्या, वऱ्हाडातल्या, मराठवाड्यातल्या गावोगावी आज बंद पडलेले बँड आहेत आणि त्यांची वाद्यं माळ्यांवर आहेत. पितळ किलोच्या भावानं जातं, म्हणून ती एकेक करून मोडीत निघतात. तुमच्या घरात असं एखादं वाद्य असेल तर मोडवाल्याला हाक मारण्याआधी ते खाली काढा. अडकलेली पट्टी दाबू नका. रोटर असेल तर मागची टोपी उघडून आसावर पातळ तेलाचे दोन थेंब टाका, पिस्टन असेल तर खालची टोपी काढून तिथे. नळ्यांतूनही दोन थेंब सोडा. एक रात्र थांबा. दुसऱ्या दिवशी जोर न लावता आस पाव फेरा घेतो की नाही ते बघा, आणि घेतला नाही तर आणखी दोन थेंब टाकून आणखी एक रात्र थांबा.